घाई फक्त तीन गोष्टींची

(‘वाचक विचारतात’ या सदरात या वेळी उत्तरं देत आहेत कराडमधल्या मर्तिकाच्या सामानाच्या एका दुकानाच्या मालकीणबाई. दुकान प्रीतिसंगमाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, आता त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ चालवतात. ‘माझं नाव छापू नका, लोक दुकानाला ओळखतात तेवढं पुरे’, असं त्यांनी सांगितल्यामुळे नाव दिलेलं नाही. प्रश्न विचारणाऱ्यांचीही नावं दिलेली नाहीत.)

ताई, माझी आजी गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता घरीच गेली. आम्हाला काही सुचलं नाही, सकाळपर्यंत नुसते तिच्याजवळ बसून राहिलो. तोंड उघडं राहिलं, ते नंतर मिटेना. पाहुण्यांनी सगळं खापर आमच्यावर फोडलं. खरं तर आम्ही आधी काय करायला हवं होतं?
– एक नातू, पाटण

बाळा, तुम्ही तिच्याजवळ बसून राहिलात, त्यात काहीही चुकलं नाही. माणूस गेल्यावर लोकांना उगाच पळापळ करायची सवय असते. कुणी फोनवर, कुणी गाडीच्या मागे, कुणी बांबूच्या मागे, आणि ज्याचं माणूस गेलं तो कोपऱ्यात एकटा. आमचे वडील म्हणायचे, मर्तिकाच्या घरी घाई फक्त तीन गोष्टींची. डोळे, हनुवटी आणि डॉक्टर. बाकी सगळं सकाळी होतं.

जीव गेल्यावर दोन-तीन तासांत अंग आखडायला लागतं. पापण्या, जबडा आणि मान आधी, मग हात-पाय. म्हणून डोळे लगेच मिटायचे. पापणी नुसती ओढून सोडली तर परत उघडते. बोटाच्या पेराने हलकेच धरून ठेवायची, मनात शंभर मोजायचे, मग पिळलेला ओला कापूस वर ठेवायचा. हनुवटीसाठी चार बोटं रुंदीची धोतराची किंवा जुन्या साडीची पट्टी फाडायची, हनुवटीखालून कानांवरून घेऊन टाळूवर गाठ मारायची. गाठ कपाळावर आणू नका, घसरते. पट्टी सापडेना तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून हनुवटीखाली सारायची. गुडघे सरळ, हात छातीवर किंवा अंगालगत, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे. एवढं दहा मिनिटांत होतं. मग तुळशीचं पान आणि पाण्याचे दोन थेंब तोंडात घाला आणि खुशाल बसा.

नेत्रदान करायचं असेल तर मात्र सहा तासांच्या आत बुबुळं काढावी लागतात. जवळच्या नेत्रपेढीला लगेच फोन करा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. आजीला चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून चालणार नाही, असं लोक समजतात. तसं काही नाही, चालतं.

आता डॉक्टर. शेवटच्या आजारात ज्यांनी औषधोपचार केले, त्यांनीच मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो. घरी मृत्यू झाला असेल तर तो नमुना ४ अ. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे, त्यात हा दाखला विनामूल्य द्यायचा असं लिहिलंय. पण माणूस पडून, भाजून, साप चावून किंवा औषध पिऊन गेला असेल, तर डॉक्टरांआधी पोलिसांना कळवायचं आणि देहाला हात लावायचा नाही. पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तो काढून घ्यावा लागतो. चितेच्या उष्णतेनं त्याची बॅटरी फुटते आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला इजा होऊ शकते.

नोंद एकवीस दिवसांत करायची, आणि मृत्यू जिथे झाला तिथेच करायची. आमच्याकडे दर महिन्याला कुणीतरी येतं. माणूस पुण्याच्या दवाखान्यात गेलेला असतो, माती गावी होते आणि घरचे दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत खेटे घालत असतात. ती नोंद पुण्यात होणार. अर्जात नाव लिहिताना आधार कार्ड आणि सातबारा समोर ठेवा. ‘बाबूराव’चं ‘बाबुराव’ झालं तर वारस लावताना ते तुम्हाला वर्षभर रडवेल.

माझा एकुलता एक मुलगा कॅनडात आहे. त्याचे वडील गेले तेव्हा भावकीनं सूर्य मावळायच्या आत उरकलं, त्यानं सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. माझ्या वेळी तसं होऊ नये, असं मला फार वाटतं. हे मागणं चुकीचं आहे का?
– एक आई, सातारा

काकू, मुळीच चुकीचं नाही. आजच एका कागदावर लिहून ठेवा, ‘माझ्या मुलाची वाट पाहायची’, आणि तो कागद भावकीतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाच्या हातात तुमच्या हातानं द्या. नंतर तुमच्या वतीनं बोलायला कागदच उरतो.

पूर्वी सूर्य मावळायच्या आत उरकण्याला कारण होतं. उन्हाळ्यात देह टिकत नसे, अंधारात नदीकाठी लाकडं रचता येत नसत. आता शीतपेटी भाड्यानं मिळते, विजेवर चालते. लोड-शेडिंग असलेल्या गावात जनरेटरची सोय आधी विचारा, एवढंच. मी लहान असताना बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून आणायचो, रात्रभर पाणी उपसायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. तेव्हासुद्धा मुंबईच्या लेकासाठी लोक थांबायचे. दोन-तीन दिवस लागणार असतील तर दवाखान्याच्या शवागारात ठेवणं जास्त चांगलं.

आणि समजा, तिकडे बर्फ पडला, विमान रद्द झालं, तो पोचलाच नाही, तरी सगळं संपत नाही. सावडल्यावर अस्थी मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून झाडाला टांगून ठेवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. तो आल्यावर त्याच्या हातून विसर्जन करायचं. इथं संगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग वळतात. तिथं दुपारच्या वेळी गर्दी नसते, तेव्हा आणा त्याला म्हणावं. अस्थी विमानातून न्यायच्या असतील तर दहनाचा दाखला आणि मृत्यूचा दाखला जवळ ठेवायचा, कंपनीला आधी विचारायचं, आणि कलश धातूचा न घेता लाकडाचा घ्यायचा. तपासणीच्या यंत्रात धातूच्या आतलं दिसत नाही, मग भर विमानतळावर उघडायला लावतात.

वडिलांच्या वेळी एका सामानवाल्यानं आमच्याकडून अवाच्या सव्वा पैसे घेतले. त्या क्षणी भाव कोण करणार? नक्की काय-काय लागतं ते तरी सांगा.
– एक वाचक, विटा

भाव तुम्ही करायचाच नाही. सोबत चार पावलं लांबचा माणूस घ्या, शेजारी किंवा जावई, आणि तो म्हणेल, ‘यादी लिहून द्या.’ यादी द्यायला जो कचरतो त्याच्याकडून घेऊ नका.

लागतं फार थोडं. दोन लांब बांबू, आडव्या बांधायला कामट्या, सुतळी, अंथरायला कडबा, पांढरं सुती कापड, मडकी, शिंकाळं, गोवऱ्या, कापूर, गुलाल-बुक्का, तूप, हार. सवाष्ण असेल तर हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. लाकूड साधारण तीनशे किलो, पावसाळ्यात जास्त, कारण ते ओलं असतं. लाकूड आणि स्मशानाची सोय बऱ्याच नगरपालिका आणि ग्रामपंचायती मोफत किंवा कमी पैशात करतात, तिथे आधी विचारा. चंदनाच्या नावाखाली जे तुकडे विकतात ते बहुतेक वेळा चंदन नसतंच. राळ आणि तूप पुरेसं आहे.

अडलेल्याकडून पैसे उकळणारे आमच्या धंद्यात आहेत, याची मला लाज वाटते. आमच्या घरात दोन नियम आजोबांपासून आहेत. गिऱ्हाइकाला ‘परत या’ म्हणायचं नाही. आणि मर्तिकाची उधारी मागायला कुणाच्या दारात जायचं नाही. तेरावा झाल्यावर माणसं आपणहून येतात. जी येत नाहीत त्यांच्याकडे खरंच नसतं. आजोबांच्या वहीत अशा नावांपुढे रक्कम नाही, नुसतं गावाचं नाव आहे.

हेरवाड आमच्याच तालुक्यात. तिथला ठराव झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण माझे वडील गेले तेव्हा आत्या आईला मागच्या अंगणात घेऊन गेल्या आणि तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या. मी तिथेच उभी होते, तोंडातून शब्द फुटला नाही. अग्नीही मला द्यायचा होता, तो चुलतभावानं दिला. ही बोच जात नाही.
– एक मुलगी, शिरोळ तालुका

बाई गं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. ठराव गावाच्या कागदावर राहतो आणि मागचं अंगण आत्यांच्या ताब्यात असतं. म्हणून मी हे काम दुकानातूनच सुरू केलंय. सामान न्यायला कुणी आलं आणि गेलेला पुरुष असेल, तर मी विचारते, ‘बायको आहे का मागे? मुलगी आहे का?’ असेल तर तिच्याशी फोनवर बोलते. एवढंच सांगते की आईचा हात धरून बस आणि उठू नकोस, कुणी कितीही म्हटलं तरी. पोरगी हात धरून बसली असेल तर बहुतेक आत्या परत फिरतात. भांडावं लागत नाही.

मी कितीतरी बायकांची मनगटं पाहिली आहेत. फोडताना काच घुसते. पांढरी पडलेली कातडी, त्यावर बारीक लाल रेघा, आणि तिचं स्वतःचं तिकडे लक्षही नसतं. दहाव्याला भेटते तेव्हा खपली धरलेली असते. धर्माचं काय ते धर्म जाणणारे बघतील, मला ती रेघ बघवत नाही.

आमचे वडील गेले तेव्हा आईच्या हातात हिरवा चुडा होता. शेजारच्या म्हाताऱ्या बायका आल्या, सवयीनं उठल्याही. आई म्हणाली, ‘आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बायकांसाठी या बांगड्या विकल्या, माझ्या राहू देत.’ त्या राहिल्या. अजून आहेत. मडकं माझ्या भावानं धरलं, अग्नी आम्ही दोघांनी दिला. कुणी एक जण निघून गेला, बाकी सगळे थांबले. मुलीनं अग्नी द्यायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही, आणि आता भटजीही फारसे अडवत नाहीत. अडवतात ते काका लोक.

तुझं राहिलं त्याचं काय, तर वर्षश्राद्ध तू कर. पाणी तू दे. आणि आईला एकदा बांगड्यांच्या दुकानात घेऊन जा. ती नको म्हणेल. तरी ने, आणि तिला पसंत करू दे.

लहान मुलांना प्रेताजवळ आणावं का?
– एक आई, सांगली

आणावं. नाही आणलं तर ती दाराच्या फटीतून बघतात, आणि फटीतून दिसलेलं जास्त भीतीदायक असतं. हात धरून आणा, आजोबांच्या पायाला हात लावू द्या, ‘गार का लागतंय’ विचारतील तर खरं सांगा. ‘झोपलेत’ म्हणू नका, मग त्यांना झोपायची भीती वाटते. स्मशानात न्यायचं की नाही ते मुलाकडे बघून ठरवा.

माझ्या मुलीला एक स्थळ आलंय. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, मुलीलाही आवडलाय. पण घरचा धंदा मर्तिकाच्या सामानाचा. आमच्याकडे सगळे नाकं मुरडतात, ‘अशा घरात पोरगी द्यायची?’ म्हणतात. तुम्ही याच धंद्यातल्या, म्हणून स्पष्ट विचारते. रागावू नका.
– एक आई, कोल्हापूर जिल्हा

रागावत नाही. मला पाहायला आलेली दोन घरं दुकानाची पाटी वाचून चहा न पिता परत गेली होती, त्यामुळे प्रश्न ओळखीचा आहे.

आम्ही बुरूड. आजोबा सुपं, टोपल्या, दुरड्या विणायचे. लग्नातली सुपं आमच्याकडची आणि तिरडीचे बांबूही आमच्याकडचेच, एकाच रासेतले. लग्नासाठी बांबू नेताना लोक अंगणात बसून पान खायचे, तिरडीसाठी नेताना बाहेर उभं राहून पैसे ओट्यावर ठेवायचे. आजोबांना याचं वाईट वाटायचं. मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आली. कोयनानगरचा भूकंप. कराडची घरंही हादरली, आणि उजाडल्यावर खोऱ्यातून बातम्या यायला लागल्या. आजोबांनी अंगणातला होता नव्हता तेवढा बांबू, घरातलं पांढरं कापड, आजीची दोन लुगडी एका ट्रकमध्ये टाकली आणि स्वतः वर चढून बसले. चार दिवसांनी आले. तिथं काय पाहिलं ते कधीच बोलले नाहीत. आजीला एवढंच म्हणाले, ‘कापड कमी पडलं.’ त्यानंतर त्यांनी ठरवलं की आपल्याकडे कापड कधी कमी पडू द्यायचं नाही, आणि मर्तिकाच्या सामानाचं दुकान उघड घातलं. लपूनछपून नाही, पाटी लावून.

दुकानात सगळे येतात. मराठा, धनगर, बौद्ध, ब्राह्मण. लिंगायतांत बसवून नेतात, त्यांच्यासाठी बांबूचं मखर करतो. मुसलमान बांधव कफनाचं कापड नेतात, पुरुषाला तीन वस्त्रं, बाईला पाच. वडिलांनी मला नववीत असताना हे सगळं तोंडपाठ करायला लावलं, कारण दारात उभ्या असलेल्या माणसाला सगळं सांगत बसायला लावायचं नसतं.

आता तुमच्या मुलीला काय झेपवावं लागेल ते खरं सांगते. रात्री दार वाजतं. दिवाळीत, पाडव्याला, ताटावर बसलेलं असताना वाजतं. नवऱ्याला उठावं लागतं, आणि काही वेळा तिलाही, कारण गेलेली बाई असेल आणि घरात दुसरी बाई नसेल तर अंघोळ घालून लुगडं नेसवायला कुणीतरी लागतं. आमची आई हे तीस वर्षं करत आली. काही लोक हळदीकुंकवाला बोलावणार नाहीत. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या लाटेत, दवाखान्यातून देह परस्पर जायचे, तिरडी कुणी नेत नव्हतं. लोक दुकानाबाहेर यायचे आणि विचारायचे, ‘निदान हार तरी पोचवाल का?’ भाऊ पोचवायचा, लांब उभा राहून देऊन यायचा. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

म्हणून मुलाला दोन गोष्टी विचारा. रात्री कोण उठतं? आणि उधारी मागायला कोण जातं? पहिल्याचं उत्तर ‘मी’ आणि दुसऱ्याचं ‘कुणी नाही’ असं आलं, तर घर चांगलं आहे. आणि मुलीला एकदा दुकानात अर्धा तास बसू द्या, लग्नाआधी. नाक मुरडणाऱ्यांना नेऊ नका.

माझी भावजय बँकेत नोकरी करणाऱ्या घरातून आली. लग्नाला तीन आठवडे झाले असतील, भाऊ मालासाठी बेळगावला गेलेला, मी माहेरी नव्हते. पहाटे साडेतीनला दार वाजलं. आई उठेपर्यंत हिनं उघडलं. दारात चाळिशीचा एक माणूस, पायात चप्पल नाही. बांबू कापायचा तर उंची विचारावीच लागते, ते तिनं आमचं ऐकून ठेवलेलं. तिनं विचारलं, ‘कोण गेलं, दादा?’ तो म्हणाला, ‘आई.’ तिनं विचारलं, ‘उंची केवढी होती?’ त्या माणसानं स्वतःच्या छातीवर, खिशाच्या जरा वर, आडवा हात धरला आणि म्हणाला, ‘इथवर यायची.’ आणि तो हात त्याला खाली घेता येईना.

तिनं मोजपट्टी काढली नाही. जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली, त्याच्या हाताशी स्वतःचं डोकं लावून पाहिलं, मग आईला म्हणाली, ‘माझ्यापेक्षा चार बोटं कमी धरा.’ आणि त्याला ओट्यावर बसवून पाणी आणायला आत गेली.